डबलबारी आणि निवडीचा विवेक

राज्य शासनाने २०२५ साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आणि त्या निमित्ताने राज्यातील १,८०० भजनी मंडळांना वाद्ये व साहित्य घेण्यासाठी प्रत्येकी २५ हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. साडेचार कोटींची ही रक्कम फार मोठी नसली, तरी ज्या जिल्ह्यात भजनाशिवाय गणपतीचा सण पुरा होत नाही त्या सिंधुदुर्गाने तिचे स्वागत करणे स्वाभाविक आहे. मात्र पेटी आणि पखवाज पैशाने मिळतात. मालवण-कणकवलीकडील भजन ज्या विद्येवर उभे आहे ती विद्या पैशाने मिळत नाही, आणि आज खरा धोका आहे तो तिलाच.

ही विद्या मिश्रणाची आहे. डबलबारीत दोन बुवा आपापल्या मंडळींसह आळीपाळीने बारी मांडतात. नमनाने आरंभ, भैरवीने समाप्ती आणि मधे अभंग, गवळण, गजर असे टप्पे, ही चौकट ठरलेली. तीत काय भरावयाचे हे मात्र ज्याच्या त्याच्या बुद्धीवर सोपविलेले. सतराव्या शतकातील तुकोबांचा अभंग, त्यामागून नाट्यपदाच्या वळणाची गवळण, मग जुन्या चित्रपटगीताच्या चालीवर बांधलेला गजर, मधेच कव्वालीचा ठेका किंवा पोवाड्याची ललकारी, असा तीन-चार शतकांचा ऐवज एका रात्रीत एकाच पेटीवरून उतरतो. शिवाय समोरच्या बुवांनी काय मांडले त्यावर आपली पुढची निवड अवलंबून असते. ती घरून लिहून आणता येत नाही.

या मिश्रणाने भजन भ्रष्ट झाले, असा आक्षेप घेणारे विद्वान आपल्याकडे आहेत. पण ज्या नाट्यसंगीताला आज आपण अभिजात म्हणतो ते तरी कोठे एकजिनसी होते? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’त साक्या-दिंड्यांच्या शेजारी कर्नाटकी चाली नांदल्या. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरब ढंगाच्या चाली मराठी पदांना दिल्या आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’च्या संगीतातून हेच टेंबे बोलपटात उतरले. खुद्द पेटी मूळची युरोपातली. १९४० साली आकाशवाणीने तिला परकी ठरवून दूर केले, तरी कोकणातल्या माजघरातून ती हलली नाही.

शुद्धतेचा आग्रह हुकमाने राबविल्यास काय होते, याचा धडा देशाने १९५२ नंतर घेतलेला आहे. नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते शास्त्रीय संगीताकडे वळले नाहीत. ते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ साली आकाशवाणीलाच विविध भारतीचा ‘पंचरंगी’ कार्यक्रम सुरू करावा लागला. लोकांच्या कानाला विविधता हवी असते, तेव्हा ती कोणाच्या हातून द्यावयाची एवढाच प्रश्न उरतो.

परंतु म्हणून प्रत्येक मिश्रण चांगले, असे मानणे हीही तितकीच मोठी चूक होईल. चाल शब्दांना गिळू लागली, श्रोत्यांना भजन विसरून केवळ सिनेमा आठवू लागला, की मिश्रण संपते आणि नक्कल सुरू होते. चांगला बुवा ओळखीच्या चालीचे बोट धरून श्रोत्याला अनोळखी अभंगापर्यंत नेतो. टाळी मिळाली तरी ती शेवटचा मुक्काम नव्हे, हे तो जाणतो.

आजच्या यंत्राला नेमके हेच कळत नाही. खिशातल्या फोनवर सर्व दशकांचे, सर्व प्रकारचे संगीत उपलब्ध आहे आणि पुढचे गाणे कोणते हेही फोनच सुचवितो. पण ते तो आपल्या मागील आवडीवरून आणि आपल्यासारख्या इतरांच्या आवडीवरून काढतो. समोर कोण बसले आहे, रात्र किती उलटली, कोणाच्या घरी यंदा दुःख घडले आहे, याचा हिशेब बुवा करतो. यंत्र करीत नाही. भांडार अफाट वाढले आणि निवडणारा माणूस मात्र दिसेनासा झाला, अशी ही विपरीत स्थिती आहे.

ही निवड पुस्तकातून शिकता येत नाही. मागे झांज घेऊन बसणारा पोरगा वर्षानुवर्षे ऐकतो, तेव्हा एखाद्या दिवशी तो पेटीपुढे बसतो. परळ-लालबागच्या चाळींत गिरणी कामगार चाकरमान्यांनी ही शाळा चालविली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर तीही मोडकळीस आली. उरलेली शाळा गावात आहे, आणि तेथील तरुण पोटासाठी बाहेर आहेत.

म्हणूनच अनुदानाची पुढची पायरी वाद्यांपलीकडे जावयास हवी. जाणत्या बुवांच्या संपूर्ण रात्रीच्या बाऱ्या ध्वनिमुद्रित व्हाव्यात. कोणती चाल कोठून आली आणि ती तेथेच का बसविली, हे त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यावे. आकाशवाणी आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी यांना हे अशक्य नाही. शिकणाऱ्या मुलांना विद्यावेतन द्यावे. आयोजकांनीही दोन चटकदार गजरांसाठी बारी कापण्याचा मोह टाळावा. वाद्ये झिजली तर पुन्हा घेता येतील. बुवांच्या स्मरणात असलेले हे गणित मात्र एकदा गेले, की कोणत्याही शासकीय निर्णयाने परत आणता येणार नाही.