औषध आले, स्कॅनचे काय?

पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली, की गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अल्टेप्लेज हे जुने औषध थोडे एकदम आणि उरलेले तासभर शिरेतून सोडावे लागते. टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनात काही सेकंदांत देऊन होते. कॅनडातील २०२२च्या मोठ्या चाचणीत ते जुन्याच्या तोडीचे ठरले, मार्च २०२५मध्ये अमेरिकेने त्याला पक्षाघातासाठी मान्यता दिली. गंमत म्हणजे पुण्याची जेनोव्हा कंपनी हे औषध बनवते आणि भारतात पक्षाघातावर ते अमेरिकेच्या कितीतरी आधी वापरात आले. इथे तरी आपण मागे नव्हतो.

घोडे अडते ते औषधाच्या आधीच. रक्तस्रावाने झटका आला असेल, तर हेच औषध जिवावर उठते; म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच. अनेक तालुक्यांत यंत्र नाही, असलेच तर रात्री ते चालवणारा नाही. घरचेही ‘हात बधिर झालाय, सकाळी बघू’ म्हणून तास घालवतात. मोठी गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडतो, हे २०१८मध्ये सिद्ध झाले. पण ती सोय मोठ्या शहरांपुरतीच.

प्रश्न किमतीचाही आहे. हृदयाच्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७मध्ये २९,६०० रुपयांवर आणली. मेंदूतील गुठळी काढणाऱ्या उपकरणांबाबतही तोच धीटपणा हवा. त्याआधी मात्र जिल्हा रुग्णालयांत चोवीस तास स्कॅन द्या आणि १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला लेखी आदेश द्या: पक्षाघाताचा रुग्ण जवळच्या नव्हे, स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यायचा.