झोन दोनचा दिलासा किती खरा?

भूकंपाच्या नकाशावर शेंद्रा ‘झोन दोन’मध्ये येते. देशातला हा सर्वांत कमी धोक्याचा पट्टा. प्रकल्प अहवालात एवढी एक ओळ आली की विषय मिटतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोणत्या झोनमध्ये होती? त्या वेळच्या नकाशात सर्वांत खालचा झोन एक नंबरचा होता आणि किल्लारी त्यातच होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि जवळपास आठ हजार माणसे दगावल्याची सरकारी नोंद झाली. पुढे २००२ मध्ये झोन एक नकाशावरून काढून टाकण्यात आला आणि किल्लारी झोन तीनमध्ये गेली. म्हणजे नकाशा भूकंपाच्या मागून आला.

यात नकाशा करणाऱ्यांचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. अडचण खडकाची आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला रेटतो. तो ताण पट्टाच्या पोटातही साठतो. तिथे जुन्या भेगा असतात; त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे अडकून राहतात आणि ताण असह्य झाला की एका झटक्यात सरकतात. हाच भ्रंश. किल्लारीला एक बाजू दुसरीवर चढली. मराठवाड्यात मात्र या भेगा काळ्या बेसाल्टच्या थरांखाली झाकलेल्या आहेत. किल्लारीजवळ भोक पाडले, तेव्हा हा थर सुमारे ३४० मीटर जाड निघाला. त्याखालचे वरून दिसत नाही, म्हणून ते नाही असे म्हणता येत नाही.

खडक सरकला की लहरी निघतात. पहिली ‘पी’ लहर खडकाला दाबत-ढकलत सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. तिचा काही भाग हवेत शिरला की गुरगुर ऐकू येते. हिंगोली-लातूरकडच्या ‘गूढ आवाजां’चे बरेचसे रहस्य एवढेच. मागून साडेतीन किलोमीटरच्या वेगाने ‘एस’ लहर येते. ती जमिनीला आडवी हलवते, आणि भिंती पाडण्याचे काम मुख्यतः तिचे. किल्लारी शेंद्र्यापासून सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटर. तिथून निघालेल्या या दोन लहरी इथे पोचताना त्यांच्यात अर्ध्या मिनिटाच्या आसपास अंतर पडते. जपानमध्ये याच फरकाचा फायदा घेऊन धावत्या गाड्या थांबवतात. पण भूकंप पंधरा किलोमीटरवर झाला तर हातात दोनच सेकंद उरतात. तेव्हा भिंत उभी राहते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीत ४.५ चे धक्के बसले. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. आकड्यातला फरक दीडपावणेदोनचा दिसतो, पण एका अंकामागे ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते; म्हणजे किल्लारीची ऊर्जा साडेतीनशे पटींच्या घरात जाते. (बातम्यांत दोन्हींना ‘तीव्रता’ म्हणतात. खरे तर तीव्रता गावागणिक बदलते, रिश्टरचा आकडा एकच राहतो.) हिंगोलीत फारसे काही पडले नाही, म्हणून मराठवाड्यातली घरे पक्की आहेत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

किल्लारीत माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. आता तशी घरे कमी झाली आहेत, पण वजन आणि बांधणीचा दोष दुसऱ्या रूपात परतला आहे. शेंद्र्यातल्या कारखान्यांची शेड अभियंत्याच्या सहीने उभी राहते. तिथे काम करणारा कामगार मात्र झोपतो तो आजूबाजूच्या गावांतल्या भाड्याच्या खोलीत. अशा खोल्या अनेकदा मिस्त्रीच्या अंदाजाने वाढतात: खाली विटांच्या भिंती, वर स्लॅब, त्यावर आणखी एक मजला, वर पाण्याच्या टाक्या. पाया काळ्या मातीत असेल तर ती पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून भिंतींना आधीच तडे पाडते. कारखान्यातला माल सुरक्षित आणि माणूस असुरक्षित, ही वाटणी कोणालाच खटकत नाही, हे नवल आहे.

उपाय भारी नाही. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सर्व भिंतींना जोडणारा सलग सळईचा काँक्रीट पट्टा, आणि कोपऱ्यांत उभ्या सळया. विटांच्या घरांसाठी भारतीय मानक ४३२६ हेच सांगते. पेटीला दोरी आवळावी तसे हे पट्टे चारही भिंती एकत्र धरतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बांधकामाची परवानगी देताना एवढे तपासायला काय हरकत आहे? औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून आसपासच्या मिस्त्रींना दोन दिवस शिकवले, तरी पुढच्या शेकडो खोल्या बदलतील. आणि शेडमधल्या उंच रॅक, गॅसच्या टाक्या आणि पाइपांचे जोड जमिनीला-भिंतीला नीट बांधले आहेत का, हे पाहायला तर नकाशा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. येत्या सुरक्षा तपासणीत तो एक रकाना वाढवता येईल.