डबल ईची बाराखडी

इंग्रजीत ई हे अक्षर शेजारी शेजारी दोनदा बसलं की उच्चार लांबतो. नियम एवढाच. झेडपीच्या शाळेत पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत पाठ करतात. एस डबल ई डी सीड, सीड म्हंजे बी. डब्ल्यू डबल ई डी वीड, वीड म्हंजे तण. डी डबल ई डी डीड, डीड म्हंजे कृत्य. एफ डबल ई फी, फी म्हंजे शुल्क. शब्द पाठ, अर्थ पाठ, घंटा झाली, सुट्टी.

मी म्हणतो, हे अर्थ अर्धवट आहेत. डिक्शनरी ज्यानं लिहिली त्याच्या वाड्यात ते पुरेसे असतील. आपल्या वस्तीत पुरत नाहीत. तेव्हा दोस्तहो, आज आपली डिक्शनरी आपणच उघडू. नांदेड-लातूरची.

सीड. लातूरचा सोयाबीनचा अडत बाजार महाराष्ट्राला माहीत आहे. पण रान दुसऱ्याचं, बियाण्याची बॅग दुसऱ्याची, पट्टी दुसऱ्याच्या नावावर. आपल्या वाट्याला येतं ते वीड. माझी माय जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली. वीड हा शब्द तिला ठाऊक नव्हता, पण तण म्हणजे काय हे तिच्या कमरेला विचारावं. नको तिथं उगवलेलं, मुळासकट उपटायचं ते तण. गावानं आपल्यालाही तेच मानलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात उपटणी सुरू झाली. वस्त्या पेटवल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ काढून नांदेड-लातूर त्याला जोडलं! ज्या जिल्ह्यानं नावासाठी रक्त दिलं, त्याच जिल्ह्यातल्या पोरांच्या डिग्रीवर ते नाव नाही. याला काय म्हणायचं? डी डबल ई डी डीड. कृत्य.

पण डीडचा दुसराही अर्थ आहे. तो शाळेत सांगत नाहीत, रजिस्ट्री ऑफिसात कळतो. डीड म्हणजे खत. जमिनीचा कागद. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच अर्थासाठी. लोकांनी तुरुंग भरले. आजही गायरान कसणाऱ्याला विचारा, कसतंय कोण? तो. कागद कुठंय? गप्प.

एफ डबल ई टी फीट. पाय. पुरुषसूक्तानं शूद्राला पायातून काढलं, आपल्याला तर पायातही जागा दिली नाही. ठीक. पण इंग्रजीचं व्याकरण बघा. एक पाय असला की फूट, जास्त झाले की फीट. १९७९ ला जोगेंद्र कवाडेंचा लाँग मार्च नागपूरहून औरंगाबादकडे निघाला तेव्हा सरकारला हे व्याकरण कळलं. एकेकटा असेस्तोवर आपली फूट. सोबत चाललो की फीट.

आता मुद्द्यावर येतो. एन डबल ई टी नीट.

हा शब्द डिक्शनरीत नाही, तरी लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगरात भिंत न भिंत त्यानं भरलीय. मराठीत नीट म्हणजे सरळ. नीट बस, नीट बोल, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकलं. आता सांगतात, नीट दे. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर आलं तर चार, चुकलं तर वजा एक. सगळ्यांना एकच पेपर, एकच शीट, म्हणून समान संधी! वा रे संधी. एकाच्या मागं दोन वर्षांचा क्लास, मेस, एसी अभ्यासिका. दुसऱ्याच्या मागं मायची खुरपणी. क्लासची फी मायच्या वर्षभराच्या मजुरीला गिळून वर ढेकर देते. आणि निकालाच्या दिवशी हेच लोक आपल्याला मेरिट शिकवतात. २०२४ ला नीटच्या पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला, शिक्षकांना अटक झाली. खटल्याचं व्हायचं ते होवो. पण पेपराला बाजार मिळतो ही गोष्ट तर उघडी पडली? बाजारात जो विकत घेऊ शकतो तोच गुणवान. गंमत बघा, फीमध्ये डबल ई आहे, नीटमध्ये आहे, ग्रीडमध्ये म्हणजे हावरटपणातही आहे. सीटमध्ये मात्र नाही. तिचं स्पेलिंग वेगळं.

आणि फ्री? आपल्या पोरांची मॅट्रिकच्या पुढची शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. कुणी दान दिलेली नाही, बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसून मिळवलेली आहे. त्याआधी १९२७ लाच मुंबईच्या कौन्सिलात त्यांनी बजावलं होतं की शिक्षण सगळ्यांच्या आवाक्यात राहिलं पाहिजे. केंद्राच्या २०२१ च्या नियमात फ्रीशिप कार्ड आहे. कार्ड दाखवायचं, आगाऊ फी न भरता प्रवेश घ्यायचा. नियम सरळ आहे. पण मी प्रवेशाला गेलो तेव्हा खिडकीतला बाबू म्हणाला, "आधी भर, स्कॉलरशिप आली की बघू." बापानं सावकाराकडून उचल आणली. फ्री शब्दात फी लपलेली असते, मधला आर काढला की बाहेर येते. तो आर काढणाऱ्यांच्या संस्था आहेत, कारखाने आहेत, तिकिटं आहेत.

यावर मराठीचे कैवारी म्हणतील, इंग्रजीच्या नादी लागताच कशाला? मातृभाषेत शिका! हे सांगणाऱ्याची नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते आधी विचारा. सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं २००० साली. तोवर आपलं लेकरू पाचवीत एबीसीडी गिरवायचं आणि त्यांचं लेकरू कॉन्व्हेंटात कविता म्हणायचं. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले, इंग्रजीत लिहिलं, आणि त्याच इंग्रजीत मनूचं पोस्टमॉर्टेम केलं. भाषा कुणाच्या बापाची नाही. अक्षरं फुकट आहेत. विकत आहे ते दार.

म्हणून इंग्रजी सोडायची नाही, फीच्या मालकाला सोडायचं नाही. विहारात रोज दोन तास दिवा लावा. बारावी झालेल्यानं दहावीच्या पोराला शिकवावं, कॉलेजातल्यानं बारावीच्या. फ्रीशिपचा नियम खिशात ठेवा. खिडकीवर एकट्यानं जाऊ नका, दहा जण जा. नकार दिला तर लेखी मागा, कागद घेऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्ताच्या टेबलावर बसा. बाबू गुरकावेल, "नीट बोला." त्याला सांगा, नीटच बोलतोय. एन डबल ई डी नीड. नीड म्हंजे गरज नाही, साहेब. नीड म्हंजे हक्क.