कोयत्याने कापलेली शाळा

खेडुतांस विद्येची गोडीच नाही, असे शहरचे विद्वान म्हणतात. आम्ही बीडकडील डोंगरी गावात मास्तरकी करतो; हे म्हणणे साफ खोटे आहे.

येथील कोरडवाहू रानात पोट भरत नाही, म्हणून मुकादमाची उचल घ्यावी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसे मोजायची तीही हत्याराच्या नावाने! दसरा-दिवाळी उलटली की बिऱ्हाड गाडीत, आणि आमच्या पटावरील कितीतरी नावे कागदापुरती. फडावर पोर तान्हे भावंड सांभाळते, वाढे बांधते. हंगाम सरून परत येते तेव्हा पाढे विसरलेले असते. मुलगी असेल तर कोयत्याची जोडी जमावी म्हणून तिचे कोवळ्या वयात लग्नही उरकतात.

ज्या कोल्हापूरच्या फडांत ही पोरे राबतात, तेथेच शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. २००९ साली दिल्लीनेही तसाच कायदा केला. मग आमच्याच पोरांना तो का लागू नाही? रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या विद्येवर खर्च होतो, हे जोतीरावांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मांडले होते. आज साखर गोड, पण पोराची पाटी कोरीच.

सरकारास आमचे मागणे एकच: हंगामी वसतिगृह मुकादमाची गाडी येण्यापूर्वी उघडा. गाडी गेल्यावर उघडलेले दार पोरांसाठी नव्हे, हिशेबासाठी असते. आणि आईबापहो, पोराचे नाव तेथे घातल्याखेरीज उचलीच्या कागदावर अंगठा उठवू नका!