पहाटेचा हीटर कोणाच्या हाती?

थंडी पडली की सकाळच्या ओपीडीत रक्तदाब वाढलेले वृद्ध जास्त दिसू लागतात. गेल्या थंडीत लोणंदच्या एक आजी आल्या, त्या मात्र घाबरलेल्या होत्या. पुण्यातल्या मुलाने त्यांच्या खोलीत हीटर आणि मोबाईलवर चालणारा स्मार्ट प्लग बसवला होता. पहाटे पाचला हीटर आपोआप सुरू व्हायचा आणि सातला बंद. एका रात्री आजींनी ओले लुगडे हीटरसमोरच्या खुर्चीवर वाळत टाकले. पाचला हीटर लागला. जळका वास आल्याने त्यांना जाग आली, म्हणून लुगड्यावर निभावले.

“पोराचं काय चुकलं का हो, डॉक्टर?” त्यांनी विचारले. हेतू चुकला नव्हता. “आपल्याकडे हीटर कशाला, गोधडी आहे की,” असे अनेकजण म्हणतात. गोधडी अंथरुणात ऊब देते, पण पहाटे लघवीला उठलेला माणूस गोधडीतून थेट गार फरशीवर पाय ठेवतो. थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावरचा भार वाढतो. पहाटे रक्तदाब एरवीही चढतच असतो. वयानुसार थंडीची जाणीवही कमी होते. खोली गार पडली तरी “मला नाही वाजत” असे आजोबा म्हणतात. थंड हवामानात घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवले आहे. पत्र्याच्या घरात ते पहाटे सहज त्याखाली जाते.

म्हणजे ऊब हवी, तीही उठण्याच्या वेळी. रात्रभर नको. २००० वॅटचा हीटर आठ तास सलग चालला तर १६ युनिट जळतात, एका तासाला दोनच. वेळ आणि तापमान पाहून चालणारे यंत्र इथे खरोखर उपयोगाचे आहे. पण यंत्राला घड्याळ आणि तापमान कळते, खुर्चीवरचे लुगडे कळत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: हीटर बंद करण्याचे काम यंत्राला द्या, चालू करण्याचे काम खोलीत जागा असलेल्या माणसाकडेच ठेवा. पुण्यात बसून मोबाईलवरून आईचा हीटर लावणे ही माया खरी, पण आंधळी आहे. त्यापेक्षा पाचला फोन करा. आई उठेल, समोर काही नाही ना ते पाहील आणि अंथरुणाजवळचे बटण दाबेल. दहा-पंधरा मिनिटे गोधडीतच बसेल, मग फरशीवर पाय ठेवेल.

बंद होण्याच्या दोन अटी लावा: खोली २१ अंशांवर गेली की, किंवा एक तास झाला की. तापमान मोजणारा सेन्सर हीटरजवळ नको, उशीच्या उंचीवर दूर ठेवा. नाहीतर खोली गारच राहील आणि हीटर बंद होईल. लाईट जाऊन आली की काही प्लग आपोआप पुन्हा सुरू होतात. सेटिंगमध्ये तिथे ‘बंद’ निवडा. एवढ्या हीटरला जवळपास ९ अँपिअर वीज लागते. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट आणि तेवढ्याच क्षमतेचा प्लग घ्या. हीटरसमोर तीन फूट जागा मोकळी हवी.

हे वाचून कोणी पुन्हा कोळशाच्या शेगडीकडे वळू नये. बंद खोलीत शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. लुगड्याने निदान वास तरी दिला.

आजींचा हीटर आता त्यांच्या हातातल्या बटणावर चालतो. मुलगा रोज पाचला फोन करतो. त्या फोनची ऊब मात्र कुठल्याही यंत्रात नाही, असे आजी सांगतात.