उःशाप नसलेला शाप

के. आर. पुरमच्या झुलत्या पुलापासून चालत दहा मिनिटांवर माझं घर आहे. दर रविवारी दुपारी तिथे आम्ही सहा जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. खेळ चालतो इंग्रजीत. भांडणं कन्नड, तमीळ आणि मराठीत. खेळवणारा मी, त्यामुळे जादूच्या वस्तू घडवायचं काम माझं. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाने मदत म्हणून चाळीस शापित वस्तूंची यादी संगणकाकडून काढून आणली. घालताच आंधळं करणारी अंगठी, पिताच दाढी उगवणारा पेला, वगैरे. मी ती परत केली. तो रुसला. टेबलावर माझं बोलणं कोणी पुरं होऊ देत नाही, म्हणून कारण इथे लिहितो.

ही खोड संगणकाची नव्हे, घराण्यातलीच आहे. गॅरी गायगॅक्सच्या १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये फासे टाकायचे आणि कोष्टकातून वस्तू काढायची. त्यात एक हार आहे, गळ्यात घातला की गळाच आवळतो. हात आत घातला की गिळणारी पिशवी आहे. ज्याने हार घातला त्याने कोणाचं काय बिघडवलं होतं? काही नाही. बरं, सुटायचं कसं? पाचव्या आवृत्तीत तिसऱ्या पातळीचा एक मंत्र आहे, अंगाला हात लावला की झालं. याला मी शाप म्हणत नाही. हा टोलनाका आहे.

आपल्याकडे शापाला देणारा असतो, कारण असतं आणि बहुतेकदा उःशाप असतो. हा शब्द मला टेबलावर दर वेळी समजावून सांगावा लागतो. इंद्राने कवचकुंडलांच्या बदल्यात कर्णाला दिलेली शक्ती बघा. ती एकदाच चालणार. त्याने ती अर्जुनासाठी जपून ठेवली आणि खर्च करावी लागली घटोत्कचावर. नियम एका ओळीचा, पण त्याच्या बळावर अख्खी रात्र उभी राहते. महालक्ष्मीच्या कहाणीत तर वस्तू म्हणजे नुसता दोरा. आवडती राणी तो फेकते, नावडतीला तो मिळतो, आणि दोघींचं नशीब उलटतं. (म्हणून उद्या कोणी ‘स्यमंतक अधिक तीन’ असं लिहून आणू नये. नावं उसनी घेणं त्या यादीपेक्षा वाईट.)

एकीने विचारलं, दाभोलकरांचं नाव घेणारा तू, आणि शापांची वकिली करतोस? उलट आहे. करणी-भानामतीत आधी संकट येतं, मग ते कोणावर ढकलायचं त्याचा शोध सुरू होतो आणि सापडते गावातली एखादी एकटी बाई. महाराष्ट्राने २०१३ साली आणि कर्नाटकाने २०१७ साली त्याविरुद्ध कायदे केले. अकारण कोसळणारा शाप खेळणाऱ्यालाही तेच शिकवतो: बाहेर कोणीतरी शोध. सकारण शाप त्याला स्वतःच्या हातांकडे बघायला लावतो.

हात म्हणजे अक्षरशः हात. इथल्या संतेत, म्हणजे आठवडी बाजारात, फुलांची माळ ‘मोळ’वर विकतात: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. फुलवालीचा हात हेच माप. त्यावरून मी एक दोरा केला. त्यात ओवलेली फुलं कधी संपत नाहीत आणि सुकतही नाहीत. पण मोजताना कोपर आखडलं, तर जितकं कमी दिलं तितका हात आखूड होतो. उःशाप असा, की ज्याला कमी दिलं त्याला स्वतः शोधून उरलेलं मोजून द्यायचं.

यादीवाला मित्र खेळात तिरंदाज आहे. पहिल्याच गावात त्याने कोपर आखडलं, मग पुढच्या चार गावांत. आता त्याला धनुष्य पुरतं ओढता येत नाही. गेल्या रविवारी तो वही घेऊन आला आणि कोणाला कुठे किती बोटं कमी दिलं ते आठवून लिहीत बसला. तीन गिऱ्हाइकं त्याला काही केल्या आठवत नाहीत, आणि मी सांगणार नाही.