काटोलचा नव्हे, कातळाचा
मानपाड्याच्या डोंगराकडून भाचा काळा, जड दगड घेऊन आला. "मामा, उल्का!" (जमिनीवर पडली की अशनी म्हणायचं, पण असो.) दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेलं, तर हळूच ओढलं गेलं. पोराचे डोळे लकाकले. पण मॅग्नेटाइटमुळे आपला सह्याद्रीचा कातळही चुंबकाला ओढतो. इथे ही परीक्षा बिनकामाची. भिंगातून बारीक छिद्रं दिसली, तिथेच निकाल लागला. ती लाव्हारसातल्या वायूची. अशनीत सहसा नसतात. २२ मे २०१२ ला काटोलला भरदुपारी आकाशातून पडलेल्या अशनींवर जळाल्याची पातळ काळी साल होती, आत करडा रंग अन् लोखंडाचे चमचमते कण. भाच्याने हातोडी घातली. आतही काळाच. अर्धा तुकडा आता तुळशीच्या कुंडीला टेकू आहे.